कृपया आहेर आणू नये

एखाद्या नव्या प्रोग्रॅमचं टारबॉल, म्हणजे फाइलींचा बांधलेला गठ्ठा, उतरवून घ्यावं, सोडावं, आणि आत सोर्स, डॉक्स, टेस्ट्स अशा सभ्य मंडळींच्या शेजारी 'डेबियन' नावाचं एक छोटंसं फोल्डर ऐसपैस बसलेलं दिसावं. ज्याला या धंद्याची माहिती नाही त्याला वाटतं, वा, काम झालंच की! ज्याला माहिती आहे तो आधी उठून चहा टाकतो.

धंदा असा. लिनक्सच्या जगात प्रोग्रॅम लिहिणारा एक असतो आणि तो तुमच्या मशीनवर नीट बसावा म्हणून बांधून देणारा दुसरा. लिहिणारा तो अपस्ट्रीम, बांधणारा तो मेंटेनर. दोघांपैकी बांधणाऱ्याला पैसे मिळण्याची शक्यता कमी आणि शिव्या मिळण्याची जास्त. इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली, तेव्हापासून जगभरातले हौशी लोक हे काम करत आलेत. २०२३ सालच्या 'बुकवर्म' या आवृत्तीपर्यंत त्यांनी ६४ हजारांवर पॅकेजेस बांधून ठेवली होती. (आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांवरून ठेवतात. जी कायम अस्थिर असते तिचं नाव सिड, म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतकी प्रांजळ नावं आपल्या सरकारी योजनांना ठेवायला काय हरकत आहे?) त्या हजारोंतली दोन-चार पॅकेजेस मीही सांभाळतो. घरच्यांना एवढंच ठाऊक आहे की रात्री अकरानंतर हा माणूस कुणाच्या तरी कॉमावरून तणतणत असतो.

बांधणाऱ्याचं सगळं बिऱ्हाड त्या 'डेबियन' फोल्डरमध्ये मावतं. 'कंट्रोल' या फाइलीत पॅकेजचं नाव, वर्णन आणि कोणाकोणावाचून त्याचं अडतं त्याची यादी. 'रूल्स'मध्ये ते कसं बांधायचं. 'पॅचेस'मध्ये मूळ कोडला आपण कुठे कुठे हात लावला याचा कबुलीजबाब. आणि 'चेंजलॉग'. त्यात प्रत्येक नोंदीखाली नाव, ईमेल आणि तारीख लिहायची असते, आणि ईमेल व तारीख यांच्यामध्ये बरोबर दोन स्पेस सोडायच्या असतात. एक सोडलीत तर यंत्र कुरकुरतं. दोनच का, हे विचारायचं नसतं.

मूळ टारबॉल मात्र आलं तसं ठेवायचं. त्याच्या नावाला 'ओरिज' असं शेपूट लावायचं, आपलं फोल्डर वेगळ्या गठ्ठ्यात बांधायचं, आणि दोन्ही गठ्ठ्यांचे चेकसम एका कागदावर लिहून खाली सही ठोकायची. उद्या काही बिघडलं तर कोणता गठ्ठा कोणाचा याची चर्चाच नको.

इतकी सरळ व्यवस्था असताना अपस्ट्रीमला मदतीची उबळ येते. ही उबळ कशी भागवली जाते ते बघण्यासारखं आहे. 'डीएच-मेक' नावाची एक कमांड आहे. ती चालवली की कोऱ्या नमुन्यांचं अख्खं डेबियन फोल्डर तयार होतं. ते भरायचं असतं, नको ते काढायचं असतं. मदत करणारा माणूस कमांड चालवतो, समाधानाने हात झटकतो आणि फोल्डर तसंच आत ढकलतो. मग आम्हाला वाचायला मिळतं ते असं: वर्णनाच्या जागी 'इथे साठ अक्षरांपर्यंत वर्णन घाला'. विभाग: अज्ञात. चेंजलॉगमध्ये एकच नोंद, पहिलं प्रकाशन, आणि त्याने निकाली काढलेल्या तक्रारीचा क्रमांक 'एनएनएनएन'. प्रोग्रॅम एव्हाना चौथ्या आवृत्तीवर पोचलेला, चेंजलॉग अजून बारशातच. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'रीडमी डॉट डेबियन' ही फाइल, जिच्यात एकच वाक्य असतं: या पॅकेजविषयी काही टिपा असल्यास लिहा, नसल्यास ही फाइल काढून टाका. स्वतःला काढून टाका असं सांगणारी ही फाइल वर्षानुवर्षं, आवृत्तीमागून आवृत्ती, देशोदेशीच्या सर्व्हरांवरून फिरत असते. तिची विनंती कोणी मनावर घेत नाही.

हे झालं आळशी लोकांचं. त्यांचा त्रास नाही. डोळे मिटून फोल्डर उडवता येतं. खरी पंचाईत होते ती मनापासून मदत करणाऱ्यांची. पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा एक मेळावा होता. तिथे एक पोरगा भेटला. त्याने टर्मिनलवर पंचांग दाखवणारा प्रोग्रॅम लिहिलाय, आणि चांगला लिहिलाय. तिथी, नक्षत्र, राहुकाळ, सगळं काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत.

"सर, तुमचं अर्धं काम मी करून ठेवलंय," तो म्हणाला. "डेबियन फोल्डर आतच टाकलंय."

"अरे, ते काढ."

"का? चुकलंय का काही?"

"चुकलं असतं तर बरं होतं. अगदी बरोबर आहे, म्हणून तर प्रश्न आहे."

त्याचा चेहरा पडला. त्याला समजावायला मी कॅन्टीनमध्ये नेलं, कारण हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळेची. प्रोग्रॅम त्याच्या वेळेला बाहेर पडतो, पॅकेज आमच्या. म्हणून तर आवृत्तीच्या आकड्यात मध्ये एक डॅश असतो. २.१-१ मध्ये डॅशच्या डावीकडे लिहिणाऱ्याचं राज्य, उजवीकडे बांधणाऱ्याचं. कंट्रोल फाइलीत माझा एक कॉमा राहिला तर मी कोणालाही न उठवता २.१-२ काढतो आणि झोपतो. पण ती फाइल तुझ्या टारबॉलमध्ये असली, तर कॉमासाठी तुला २.१.१ काढावी लागणार. ती आली की फेडोरावाला जागा होणार, आर्चवाला जागा होणार, फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवाला जागा होणार. तिघेही रात्री बसून जुन्या-नव्याची तुलना करणार, आणि फरक काय तर डेबियनचा कॉमा. मग ते तुझ्याविषयी जे बोलतील ते कुठल्याही चेंजलॉगमध्ये छापता येणार नाही.

दुसरं, तुझं फोल्डर बरोबर आहे ते कुठे बरोबर आहे? तुझ्या लॅपटॉपवर, आजच्या तारखेला. डेबियनची स्थिर आवृत्ती वेगळी, चाचणीतली वेगळी, उबुंटूच्या तर एकाच वेळी अनेक चालू. २०२४ च्या सुरुवातीला काय झालं माहीत आहे ना? ३२ बिटांत वेळ मोजणाऱ्या मशीनचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार, म्हणून डेबियनने शेकडो लायब्ररींच्या पॅकेजेसची नावं बदलली. 'लिबएसएसएल३' होतं, त्याचं 'लिबएसएसएल३टी६४' झालं. बाकीच्यांच्याही नावामागे हेच 'टी६४' लागलं. कोणाचं नाव बदलायचं, कोणाला पुन्हा बांधायचं, कोणाआधी कोणाला, हे महिनोन् महिने बांधणाऱ्यांनी निस्तरलं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. तुझ्या पंचांगाला २०३८ नंतरच्या एकादश्या सांगायच्यात ना? त्या सांगणं तुझं काम. घड्याळाचं आम्ही बघतो.

पोरगा बटाटेवडा खात ऐकत होता. "पण सर, तुम्ही ते फोल्डर काढून तुमचं टाकू शकता की."

आता टाकू शकतो. पूर्वी तेही धड जमत नव्हतं. जुन्या पद्धतीत मूळ टारबॉल आणि वर एक डिफ असा संसार होता, आणि त्या डिफला फाइल घालता यायची, बदलता यायची, पण काढता यायची नाही. अपस्ट्रीमने डेबियन फोल्डरमध्ये 'पोस्टइन्स्ट' नावाची फाइल ठेवली असेल तर ती राहिलीच. आणि आमची बांधणीची अवजारं इतकी तत्पर की त्या नावाची फाइल दिसली की न विचारता पॅकेजमध्ये घालतात. पोस्टइन्स्ट म्हणजे काय, तर पॅकेज बसवताना तुमच्या मशीनवर रूटच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट. म्हणजे मेंटेनरने न लिहिलेली, कदाचित न वाचलेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या मशीनवर सर्वाधिकार घेऊन पळायची. २००९ नंतर '३.० क्विल्ट' ही पद्धत आली. ती टारबॉलमधलं डेबियन फोल्डर न उघडता बाजूला करते आणि आमचं अंथरते. तरी जे लोक सगळं गिटमध्ये ठेवतात त्यांचा छळ संपलेला नाही. दर नव्या आवृत्तीला अपस्ट्रीमचा चेंजलॉग आणि आपला चेंजलॉग एकमेकांच्या झिंज्या धरतात आणि मेंटेनर मध्यस्थी करत बसतो.

लग्नपत्रिकेवर खाली बारीक अक्षरांत 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. तरी लोक भिंतीवरची घड्याळं आणतातच. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण एका घरात सहा घड्याळं झाली की प्रत्येक वेगळी वेळ दाखवतं, आणि काकांनी दिलेलं म्हणून काढूनही टाकता येत नाही. डेबियननेही अपस्ट्रीमसाठीच्या सूचनांत नेमकी हीच विनंती छापून ठेवली आहे. बारीक अक्षरांचं जे व्हायचं तेच होतं.

फोल्डरापलीकडे बांधणाऱ्याला आणखी एक काम असतं, जे अपस्ट्रीमकडून कधीच होणार नाही: त्याच्याच घराची झडती. प्रत्येक फाइल उघडून तिचा परवाना वाचायचा. 'सगळं जीपीएल आहे' असं लिहिणाऱ्याने छातीठोक सांगितलेलं असतं, आणि तिसऱ्या फोल्डराच्या कोपऱ्यात कोणीतरी कुठून तरी उचललेली एक फाइल निघते. जेसनवाल्या डग्लस क्रॉकफर्डने आपल्या परवान्यात एक ओळ घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचायला किती छान! डेबियनने मात्र हा परवाना मुक्त मानला नाही. वापरावर अट घातली की ते मुक्त राहत नाही. तेव्हा सदाचाराची अट असलेली फाइल आम्ही काढतो आणि आवृत्तीपुढे डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमावलीचं 'प्लस डीएफएसजी' हे शेपूट लावतो. म्हणजे आमच्याकडचं पॅकेज वाईट कामालाही मुक्त. हे कोणा सोवळ्या माणसाला सांगून बघा.

लिहिणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. जेमी झविन्स्की हा नेटस्केपच्या काळातला नावाजलेला माणूस १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर लिहीत आलाय. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एकदा जे गेलं ते पुढची स्थिर आवृत्ती येईपर्यंत तिथेच. सुरक्षेची आणि गंभीर डागडुजी तेवढी होते. त्यामुळे झविन्स्कीने केव्हाच दुरुस्त केलेल्या बगांच्या तक्रारी लोक त्यालाच पाठवत राहिले. रोज सकाळी उठून 'हे मी दोन वर्षांपूर्वी सुधारलंय' असं लिहायचं म्हणजे संतसुद्धा चिडेल, आणि झविन्स्की संतपदासाठी प्रसिद्ध नाही. त्याने प्रोग्रॅममध्येच सोय केली. आवृत्ती जुनी झाली की पडद्यावर आपोआप सूचना यावी: ही आवृत्ती फार जुनी आहे, कृपया नवी घ्या. शेजारी पॅकेज करणाऱ्यांसाठी कोडमध्येच समज लिहून ठेवली की ही सूचना काढू नका. २०१६ मध्ये ती वेळ भरली. डेबियनच्या शहाण्यासुरत्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर, ज्यांना काहीही नवं नको म्हणून ते तिथे आले होते, स्क्रीनसेव्हर त्यांना रागावू लागला. डेबियनमध्ये प्रश्न आला, सूचना पॅचने काढायची का? झविन्स्कीचं म्हणणं, तसं करणार असाल तर माझा प्रोग्रॅमच तुमच्याकडून काढून टाका.

माझं मत विचाराल तर त्याचा राग शंभर टक्के बरोबर आणि पत्ता चुकीचा. सामान्य माणूस पडदा झोपवायला गेला, त्याला या दोघांच्या भांडणात साक्षीदार का करायचं? पण हेही कबूल केलं पाहिजे की त्याचं सगळं त्याच्या कोडमध्ये होतं आणि आमचं सगळं आमच्या पॅचमध्ये. कोणी काय केलं हे पाचवीतलं पोरही वाचून सांगू शकलं असतं. फायरफॉक्सचंही असंच. लोगोचा परवाना मुक्त नाही म्हणून डेबियनने तो वगळला. मोझिला म्हणाली, लोगो नाही आणि आमच्या मान्यतेशिवाय पॅचेस, तर आमचं नावही लावू नका. २००६ पासून तोच ब्राउझर डेबियनमध्ये 'आइसवीझल' या नावाने दहा वर्षं नांदला आणि २०१६ मध्ये समेट होऊन मूळ नावावर आला. भांडावं तर असं.

भांडण न होता गुपचूप गोंधळ होतो तो जास्त वाईट. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात मेमरी तपासणारं एक अवजार कुरकुरत होतं म्हणून दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. अपस्ट्रीमच्या मंडळींना विचारलंही होतं, आणि हरकत नसल्यासारखं उत्तर आलं होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिकपणाच गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, जो सहसा ३२,७६८ च्या पुढे जात नाही. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर डेबियन आणि उबुंटूवर ज्यांनी ज्यांनी या ओपनएसएसएलने गुप्त किल्ल्या घडवल्या त्या सगळ्या अंदाजाने ओळखता येण्यासारख्या होत्या. हे पाप पूर्णपणे बांधणाऱ्याच्या गठ्ठ्यातलं. पण तेव्हाच्या पद्धतीत मूळ कोडमधले सगळे बदल एकाच डिफमध्ये गुंडाळून येऊ शकत. आता प्रत्येक पॅच सुटा ठेवण्याची रीत आहे, आणि त्याच्या डोक्यावर कोणी केला, कशासाठी, अपस्ट्रीमला कळवला का, हे लिहायचं असतं. लाज वाटेल असा पॅच असला तर लाज वाटते. हीच सोय.

आणि उलट बाजूचं उदाहरण २०२४ चं. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून, कामं करून, विश्वास मिळवून चोरदार बसवलं. ते चालू करणारी फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. मार्चअखेरीला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदलं आणि सगळं बाहेर आलं. आपल्याकडे अर्ध्या सेकंदाच्या उशिराची दखल घेणारा माणूस कुठल्याही खात्यात टिकला नसता. आता यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. ते चोरदार बांधणीच्या वेळी आधी तपासायचं की शेजारी 'डेबियन' फोल्डरमध्ये 'रूल्स' फाइल आहे का, किंवा रेडहॅटच्या धाटणीचं पॅकेज बांधलं जातंय का. असेल तरच पुढचा उद्योग. इतकी वर्षं आम्ही ती फाइल निगुतीने लिहितो, टॅब आणि स्पेस सांभाळतो, कोणी ढुंकून बघत नाही. शेवटी लक्षपूर्वक दखल घेणारा अपस्ट्रीम भेटला तो हा.

आमचेही हात अगदी स्वच्छ नव्हते. ते लॉगिन सांभाळणाऱ्या मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची गरज नाही. सिस्टिमडीशी बोलता यावं म्हणून डेबियनने वर लावलेल्या पॅचमधून ती लायब्ररी आत आली होती. निस्तरायला मात्र आवृत्तीचा आकडाच उपयोगी पडला. डेबियनमध्ये आवृत्ती मागे नेता येत नाही, पुढेच जावं लागतं. म्हणून ५.६.१ काढून ५.४.५ परत आणताना नव्या पॅकेजाचा आकडा लिहिला गेला '५.६.१+रिअली५.४.५-१'. म्हणजे वर ५.६.१ लिहिलंय खरं, पण देवाशप्पथ सांगतो, आत ५.४.५ आहे. हा विनोद नाही, अधिकृत पद्धत आहे.

या सगळ्यात न भांडता नांदणारी घरंही आहेत, ती बातमीत येत नाहीत. लिनक्सवर मराठी वाचताना अनेकदा डोळ्यांपुढे असतो तो लोहित देवनागरी हा फॉन्ट. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. फेडोरात त्याच्या पॅकेजचं नाव 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स', डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. एकाने फॉन्ट शेवटी ठेवला, दुसऱ्याने आधी. का, तर दोघांच्या नियमावल्या वेगळ्या. ज्याने जोडाक्षरांशी झटापट केली त्याला या नामकरणात पडावं लागलं नाही, आणि पडला असता तर जोडाक्षरं राहिली असती.

पंचांगवाल्या पोराला हे बहुतेक पटलं असावं. वडा संपवून तो म्हणाला, "काढतो सर." नंतर त्याचा निरोप आला. डेबियन फोल्डर काढलं होतं. फेडोरावाल्याने पाठवलेली स्पेक फाइलही त्याने गोड शब्दांत परत केली होती. "पण सर, आता एक जण स्नॅपचं फोल्डर घेऊन आलाय. तो म्हणतो त्यांच्याकडे ते सोर्सच्या आतच ठेवायची पद्धत आहे. मग त्याला काय सांगू?" यावर काय लिहावं या विचारात मी होतो, तोच खाली दुसरा निरोप: "तुम्ही ठरवा निवांत. तोवर मी रिकामाच आहे, तर तुमच्या ब्रँचमधला चेंजलॉग जरा भरून ठेवू का?"